कोंबाच्या पुढे काय? प्राथमिक वर्गांत वनस्पतीचे जीवनचक्र शिकवताना

प्रश्न असा आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र बसतात. तिथल्या शिक्षिकाबाईंनी वनस्पतींच्या वाढीचा पाठ घेताना जुलै महिन्यात ओल्या कापसात मूग आणि हरभरे घातले, ते चार दिवसांत बुरशी येऊन कुजले. मुलांनी बी, रोप, फूल, फळ आणि पुन्हा बी असे वर्तुळ पाठ केले. मात्र ‘बी जिवंत असते का?’ असे विचारल्यावर जवळजवळ साऱ्या वर्गाने ‘नाही’ असे उत्तर दिले. हा पाठ कसा घ्यावा, दोन इयत्तांचे कसे जमवावे आणि परीक्षेत चित्रच विचारले जाते त्याचे काय करावे, असे बाईंनी विचारले आहे.

बाईंनी मुलांना तो प्रश्न विचारला, हे फार चांगले झाले, कारण पाठांतरामागे काय दडलेले आहे ते त्यामुळे उघड झाले. बहुतेक शाळांत हा विषय मोड येण्यापाशी थांबतो. मोड दोन दिवसांत दिसतो आणि पाठ आठवडाभरात संपवायचा असतो, म्हणून पुढचे सारे चित्रावरून सांगितले जाते. त्यामुळे फुलापासून फळ धरते आणि त्या फळातले बी पुन्हा उगवते, हे ज्या दोन सांध्यांमुळे आयुष्याचे चक्र होते, ते मुलाने कधी डोळ्यांनी पाहिलेलेच नसतात. माझे स्पष्ट मत असे आहे की हा पाठ एका आठवड्याचा धरूच नये. शाळा उघडल्यावर तो सुरू करावा, आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि फेब्रुवारीपर्यंत तो चालू ठेवावा. एका वेळी थोडाच वेळ लागतो आणि तो रोपाच्या वेळेनुसार वाटला जातो.

आधी कुजण्याविषयी. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडच्या जुलैच्या हवेत कापूस वाळतच नाही. बी रुजायला पाण्याइतकीच हवाही लागते, आणि पाण्याने गच्च भरलेल्या कापसात दाण्याला हवा मिळत नाही. तो गुदमरतो आणि मग बुरशी त्याचा ताबा घेते. म्हणून कापूस सोडून द्यावा. कडधान्य रात्रभर भिजवून सकाळी पाणी पूर्ण निथळावे, धुतलेल्या जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या सैल पुरचुंडीत ठेवावे आणि दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळून पुन्हा निथळावे. मुळे पाहायची असतील तर काचेच्या पेल्यात कागदाची गुंडाळी आतून चिकटवून उभी करावी, काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे अडकवावेत आणि तळाशी बोटभर पाणी ठेवावे. कागद पाणी वर ओढतो आणि दाणा पाण्याच्या वरच राहतो. या पेल्यात काही दाणे उलटे, काही आडवे अडकवून पाहावेत. दाणा कसाही ठेवला तरी मूळ वळून खालीच जाते, हे पाहताना मुले जितकी स्तब्ध होतात, तितकी ती कोणत्याही तक्त्यासमोर होत नाहीत. मका आणि चवळी शेजारी शेजारी ठेवल्यास आणखी एक फरक दिसतो: चवळी आपल्या दोन्ही डाळिंब्या, म्हणजे दाण्याचे दोन्ही भाग, मातीबाहेर उचलून धरते, मक्याचा दाणा मात्र खालीच राहतो आणि वर फक्त टोकदार पान येते.

बी जिवंत असते, हे सांगून पटत नाही. ते मुलांनीच ताडून पाहावे लागते आणि त्याचे साहित्य शाळेच्या स्वयंपाकघरातच असते. अख्खा मसूर आणि मसुराची डाळ, अख्खी तूर आणि तूरडाळ, कच्चे शेंगदाणे आणि भाजलेले शेंगदाणे, भिजवलेले हरभरे आणि उकडलेले हरभरे अशा जोड्या घ्याव्यात आणि कोणते उगवेल याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्यावा. खानापूरच्या मुलांसाठी सर्वांत मोलाची जोडी भात आणि तांदूळ ही आहे. घरी पेरतात ते भात आणि शिजवतात तो तांदूळ, हे त्यांना ठाऊक असते, पण गिरणीतून आलेला पांढरा तांदूळ का रुजत नाही, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. पॉलिश करताना दाण्याच्या टोकाचा बारीक अंकुर निघून जातो. शेंगदाण्याचे दोन भाग हलकेच वेगळे केले की तोच अंकुर, चिमुकल्या पानांसह, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एवढे झाल्यावर बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारावा. उत्तर बदललेले असेल, आणि ते का बदलले हे मुले स्वतः सांगतील. ‘मग ते श्वास घेते का, खाते का?’ असेही कोणी विचारील. त्याला उत्तर द्यावे की घेते, अगदी सावकाश. आणि त्याची शिदोरी त्याच्याच पोटात असते, तीच आपण वरण आणि उसळ म्हणून खातो.

नवरात्रात अनेक घरी घटाभोवती माती पसरून धान्य पेरले जाते. देवघराच्या मंद उजेडात ते भराभर, पण पिवळे आणि लवलवीत वाढते. हे ज्या मुलांनी पाहिले आहे त्यांना त्याचे निरीक्षण वहीत लिहायला सांगावे. वर्गात मात्र घटाची नक्कल करू नये, कारण ज्यांच्या घरी घट बसत नाही अशी मुलेही वर्गात असतात. त्यांच्यासह सर्वांसाठी गव्हाच्या दोन करवंट्या पेराव्यात, एक कपाटात आणि एक खिडकीत ठेवावी. दोन्हींत गहू उगवतो. कपाटातला अधिक उंच, पण पिवळा होतो. रुजण्यासाठी उजेड लागत नाही, पुढच्या वाढीसाठी मात्र तो लागतो, हा भेद मोठ्या माणसांच्याही मनात बरेचदा स्पष्ट नसतो. कपाटातली करवंटी उजेडात आणून दोन-तीन दिवसांत ती हिरवी होताना दाखवावी.

आता वेळापत्रक. निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूला पाऊस माफक असतो, तिथे जूनमध्ये मूग किंवा चवळी पेरली तर साधारण साठ ते सत्तर दिवसांत शेंगा वाळतात आणि दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी एक पूर्ण आयुष्य मुलांच्या डोळ्यांसमोरून जाते. खानापूरच्या पश्चिमेला हे जमणार नाही, आणि जमवण्याचा हट्टही धरू नये. तिथे पावसाळ्यात शेतातल्या भाताकडे पाहावे: तरवा (लावणीची रोपे), लावणी, फुटवे, पोटरी (लोंबी अजून पानाच्या आवरणात असणे), लोंबी बाहेर पडणे, दाणे भरणे आणि कापणी. हे शब्द मुले घरून घेऊनच येतात, त्यांना फक्त वहीत तारखेसह जागा द्यायची असते. कुंडीतली पेरणी दसऱ्यानंतर करावी. त्या वेळी बेळगाव-खानापूर भागात भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकतातच. शाळेने त्यांतला वाटाणा निवडावा. तो लवकर फुलतो, शेंग मुलांच्या ओळखीची असते आणि जानेवारी-फेब्रुवारीत वाळलेले बी हाती येते. जुन्या बादल्या किंवा पत्र्याचे डबे तळाशी भोके पाडून वापरावेत, जांभ्याच्या तांबड्या मातीत तितकेच चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि रविवारी ओल टिकावी म्हणून वर भाताचे पिंजर पसरावे. कोंबड्या आणि माकडे यांच्यासाठी बोरीच्या काट्यांचे कुंपण आधीच करावे, नंतर नव्हे.

लहान मुलांना दोन-तीन महिन्यांची वाट पाहणे कठीण जाते, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय मला फार उपयोगी वाटतो: सर्व डब्यांत एकाच दिवशी पेरू नये. दर सोमवारी एकाच डब्यात चार दाणे पेरावेत आणि डब्यावर तारीख लिहावी. जानेवारीच्या सुरुवातीला ओळीत उभ्या असलेल्या डब्यांत एका टोकाला भरलेली शेंग, मध्ये फूल, त्याअलीकडे ताणे फुटलेला वेल आणि दुसऱ्या टोकाला नुकता वर आलेला कोंब असे सारे टप्पे एकाच वेळी दिसतात. तिसरीचे मूल या ओळीपुढून एकदा चालत गेले की क्रम त्याच्या मनात बसतो. एखाद्या डब्यातले रोप मेले तर गुपचूप दुसरे लावू नये. ते का मेले असेल याची चर्चा करावी आणि डबा तसाच ओळीत राहू द्यावा. शेंगा वाळल्यावर वेलही पिवळा पडून मरतो, तेही मुलांनी पाहायला हवे, कारण त्याच वेळी त्यांच्या हातात त्याचे बी असते.

फुलाचे फळ कसे होते हे दाखवायला मात्र वाटाणा योग्य नाही. त्याच्या फुलात परागीभवन बहुधा फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत होते, त्यामुळे बाहेरून काहीच पाहता येत नाही. यासाठी लाल भोपळ्यासारखे दुसरे झाड नाही. परसात किंवा उकिरड्याच्या कडेला त्याचा वेल असतोच. त्याला नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकला भोपळा आधीपासून असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर असते. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, म्हणून घाई करू नये. फुले भल्या पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा हे काम शाळा भरण्यापूर्वी किंवा पहिल्या तासालाच करावे लागते. उद्या उमलतील अशा दोन मादी कळ्या आदल्या संध्याकाळी पातळ कापडाने बांधाव्यात. सकाळी एकीचे कापड सोडून नर फुलाचे पराग तिच्या मध्यभागी हलकेच लावावेत आणि ती पुन्हा बांधावी. दुसरी बांधलेलीच ठेवावी. काही दिवसांत दुसरीचा भोपळा पिवळा पडून गळतो आणि पहिलीचा सहसा फुगू लागतो. पावसाची झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि कोवळे भोपळे गळतात, हे घरच्या मोठ्यांना माहीत असते. त्याचे कारण आता मूल घरी सांगू शकते. हा प्रयोग चौथीच्या मुलांनी करावा आणि तिसरीला समजावून द्यावा. दोन इयत्ता एकत्र असण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. भुईमुगाचे झाड उपटून फुलापासून निघालेल्या आऱ्या जमिनीत कशा शिरतात हेही दाखवता आले तर अवश्य दाखवावे, कारण शेंग मुळाला लागते असे अनेक मुलांना वाटते.

आपल्या भागातील मुले शेतात वाढतात, म्हणून त्यांना वनस्पतीचे आयुष्य ठाऊकच असेल, असे आपण गृहीत धरतो. ते खरे नाही. शेतकरी बहुतेक पिकांना पूर्ण आयुष्य जगू देत नाही आणि त्याला तसे करावेच लागते. मेथी, कोथिंबीर, मुळा फुलावर येण्यापूर्वी उपटले जातात. ऊस साखरेसाठी तोडला जातो. निपाणी भागात तंबाखूचा शेंडा फुलोऱ्यापूर्वी खुडतात, म्हणजे झाडाची शक्ती बी धरण्याऐवजी पानांत जाते. म्हणून मूल मुळा रोज खाते, पण मुळ्याला फूल येते का असे विचारल्यावर गोंधळते. शाळेच्या बागेत मुळ्याचे आणि कोथिंबिरीचे एकेक झाड मुद्दाम न उपटता राखावे. मुळा फुलतो, त्याला डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, लागतात, त्यांची भाजी मुलांनी खाल्लेली असते आणि ती भाजी मुळ्याचेच फळ आहे हे कळल्यावर त्यांना मोठे नवल वाटते. कोथिंबिरीला पांढरी बारीक फुले येऊन धणे धरतात. तेच धणे फोडून पुन्हा पेरले की चक्र पूर्ण झाले.

याच ओघात एक अडचण येते, तिला टाळू नये. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी होतात आणि ती वेलाचे तुकडे लावून होतात. बटाटा डोळा असलेल्या फोडींपासून, ऊस कांड्यांपासून, केळ मुनव्यापासून (बुंध्याशी फुटलेल्या कोंबापासून) लावतात. उसाचा खोडवा तर तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून न लावताच फुटतो. ‘बाई, आमच्या उसाला बी कुठे असते?’ हा प्रश्न पुस्तकातल्या वर्तुळात बसत नाही, म्हणून तो बाजूला सारू नये. उसाला तुरा येतो, त्यात बी असू शकते, पण ते पेरून येणारा ऊस मूळ उसासारखा निघेलच असे नसते. कांडी लावली की तोच ऊस पुन्हा मिळतो, म्हणून शेतकरी कांडी लावतो. एवढे उत्तर चौथीला पुरते. रताळे आणि बटाटा ओल्या वाळूवर ठेवून कोंब कुठून फुटतात ते पाहावे: बटाट्याचे कोंब त्याच्या डोळ्यांतून येतात, कारण तो फुगलेले खोड आहे, आणि रताळे हे फुगलेले मूळ आहे.

झाडांच्या बाबतीत काळाचा अंदाज मुलांना द्यावा. शाळा उघडते तेव्हा फणस आणि जांभूळ संपत आलेले असतात. त्यांच्या बिया ओल्या असतानाच लावाव्यात. धान्यासारख्या वाळवून ठेवल्या तर त्या लवकरच मरतात. काही बी वर्षभर डब्यात थांबू शकते, काही थांबू शकत नाही, हे शिकवायला आठळी (फणसाची बी) आणि मूग शेजारी लावणे पुरेसे आहे. जांभळाच्या एकाच बियेतून कधी दोन-तीन रोपेही निघतात. या भागातील जंगलात कारवी हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि नंतर वाळते, काटेरी कळक (बांबू) काही दशकांनी एकदा फुलून मरतो. हे गावातील वडीलधाऱ्यांकडून मुलांनी विचारून आणावे.

पाचवीचा वर्ग असेल तर आणखी एक गैरसमज हाती घ्यावा. झाड माती खाते आणि खत हे त्याचे जेवण, असे घरी सहज बोलले जाते आणि मूल ते अक्षरशः घेते. सतराव्या शतकात व्हान हेलमाँट या बेल्जियन अभ्यासकाने सुमारे ९० किलो कोरडी माती मोठ्या कुंडीत घेऊन सव्वादोन किलोंचे विलो या झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे ७७ किलोंचे झाले, पण मातीचे वजन जेमतेम ५७ ग्रॅमने घटले. ही हकिकत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापली गेली. झाड केवळ पाण्याचे बनते, हा त्याचा निष्कर्ष अपुरा होता, कारण हवेतून झाड काय घेते हे तेव्हा माहीत नव्हते. पण वजनाचा प्रश्न त्याने अचूक विचारला, आणि तोच पाचवीला विचारावा. तिसरीत प्रकाशसंश्लेषण समजावण्याचा अट्टहास नको. फक्त ‘खत म्हणजे झाडाचे अन्न’ असे आपण स्वतः म्हणू नये. झाड आपले अन्न पानांत तयार करते, त्यासाठी लागणारे पाणी आणि थोडे क्षार ते मातीतून घेते, एवढे बरोबर वाक्य वापरावे.

मोजमापाचे काम इयत्तेनुसार वाटावे. तिसरीच्या मुलांनी दर आठवड्याला रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून तारखेसह भिंतीवरच्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवावी. आलेख हा शब्द न उच्चारताही आलेख तयार होतो. चौथीने तेच सेंटिमीटरमध्ये लिहावे आणि पेल्यातल्या कोवळ्या मुळावर शाईने समान अंतरावर बारीक रेघा ओढून मूळ कोणत्या भागात वाढते ते पाहावे. टोकाजवळच्या रेघा दूर जातात, वरच्या जागच्या जागी राहतात. सोयाबीन पिकवणाऱ्या गावांत पाचवीने घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजावे. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण अपेक्षित असते, आणि पेरणीपूर्वी केलेली ही मोजणी पालकांच्याही उपयोगाची ठरते. कन्नडच्या तासाला याच रोपांच्या भागांची नावे घ्यावीत, अशी विनंती कन्नड शिक्षकांना करावी. एकच रोप दोन तासांना कामी येते.

सुरक्षिततेविषयी मी ठाम आहे. दुकानातील लाल, निळ्या, हिरव्या रंगाचा लेप असलेले बियाणे वर्गात आणू नये, तो लेप बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा असतो. बियांचा संग्रह करताना गुंज, एरंड आणि धोत्रा यांचे बी ठेवू नये, ती विषारी आहेत. तंबाखूच्या ओल्या पानांतील निकोटीन कातडीतून शरीरात शिरते, म्हणून तंबाखूच्या शेतात निरीक्षण बांधावरूनच करावे.

राहिली परीक्षा. चित्र विचारले जाणारच, ते काढू द्यावे, परंतु सरावाच्या वेळी पुस्तकातले चित्र न काढता आपल्या डब्यातल्या वाटाण्याचे काढायला सांगावे आणि प्रत्येक टप्प्याखाली वहीतील तारीख लिहायला लावावी. ज्या मुलाने हे केले आहे त्याला परीक्षेतले वर्तुळ काढताना कष्ट पडत नाहीत. तोंडी परीक्षेत वस्तू हातात देऊन विचारावे: हे रताळे आहे, याच्यापासून पुढचे झाड कसे येईल? हा तांदूळ पेरला तर काय होईल? या भोपळ्याच्या फुलांपैकी कोणत्याला फळ धरेल? भोपळ्याचे फूल मिळाले नाही तर काकडीचे चालते.